स्टोरी अशी आहे, ताई

काहीही सांगायच्या आधी तो कपाळावरची बट फुंकर मारून उडवायचा, उजवा तळवा छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "स्टोरी अशी आहे, ताई..." तळवा छातीवर गेला की मी समजायचे, झाल्या थापा सुरू. तुम्ही आमच्या ऑफिसात असता तर आठवड्याभरात तुम्हालाही ओळखता आलं असतं. सॉफ्टवेअरचं रिलीज का लांबलं? स्टोरी अशी आहे. फ्रिजमधला माझा डबा कुणी संपवला? स्टोरी अशी आहे. माणूस सरळ "मी खाल्ला" म्हणून मोकळा होतो, पण नाही. याच्या थापेत एक मांजर यायची, एक फायर अलार्म यायचा, आणि शेवटी डबा माझ्याच भल्यासाठी खाल्लेला असायचा.

मी मूळची नागपूरची, तो पुण्याचा. व्हँकुव्हरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो कोड लिहायचा आणि त्यातल्या चुका शोधायचं काम माझं. त्यामुळे माझ्या नोकरीला कधी धोका नव्हता. कोड तरी त्याचा कुठे असायचा म्हणा! याचं उचल, त्याचं उचल, दोन ओळी बदल आणि वर स्वतःचं नाव टाक. विचारलं की तळवा छातीवर.

शनिवार-रविवारी मात्र तो रॉकस्टार असायचा. त्याचा चौघांचा ग्लॅम रॉक बँड होता. ग्लॅम रॉक म्हणजे काय हे मलाही त्याच्यामुळेच कळलं. पुरुषांनी उंच टाचांचे चंदेरी बूट घालायचे, डोळ्यांवर निळा रंग फासायचा, गालांवर चकाकी थापायची आणि पाय आपटत सोपी सोपी गाणी ओरडून गायची. इंग्लंडात कधीकाळी याची लाट होती म्हणे. हा आपला पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, त्या लाटेत आता उतरलेला. "मी कुणाला घाबरत नाही, ताई," असं तो मला ऐकवायचा. "लिपस्टिक लावून सरेच्या बसमधून गेलेला माणूस आहे मी. आता कसली भीती?" मी म्हणायचे, "बसवाल्यांना विचार, त्यांना कशी भीती वाटली ते."

आम्ही दोघं व्हँकुव्हरला लागूनच असलेल्या सरेला राहायचो, तो माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याची गाडी बाराही महिने सर्व्हिसिंगला असायची, म्हणून ऑफिसला जाता-येता तो माझ्या गाडीत. असाच एका रविवारी प्रॅक्टिसला लिफ्ट मागायला घरी आला, आणि खाली बेसमेंटमध्ये माझे बाबा गात होते.

बाबांबद्दल सांगायला हवं. वीज मंडळातून निवृत्त झालेले, आई गेल्यावर मी त्यांना आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर इकडे आणलं. नागपूरला आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाच्या घरचं लग्न असो, यांची पार्टी भीमगीतं गायला उभी. एक गाणारा, एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि मागे टाळीवाले. बाबा टाळीवाल्यांचे पुढारी. गाणाऱ्यापेक्षा स्वतःला मोठं समजायचे, आणि तसं सांगायचेही. इथे व्हँकुव्हरच्या पावसात सहा-सहा महिने खिडकीबाहेर बघत बसणारा तो माणूस. टीव्हीवर टायरची जाहिरात लागली तरी तिच्यावर टाळी धरायचा.

त्या रविवारी हा जिन्यातच उभा राहिला. अर्धा तास हलला नाही. प्रॅक्टिस बुडाली. मग खाली जाऊन बाबांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काका, परत एकदा. ती टाळी परत एकदा दाखवा ना."

"दाखवाचं काय तिच्यात," बाबा म्हणाले. "टाळी गाणाऱ्याच्या मागं नाही चालत, बेटा. टाळीनं त्याले समोर ढकलाचं. तो आळसावला का वाढवाची. अजून आळसावला, अजून वाढवाची. मग पाह्य कसा गाते."

तेव्हापासून हा दर रविवारी आमच्याकडे. आल्या आल्या "जय भीम, काका!" जोरात. सावजी रस्सा तीनदा वाढून घ्यायचा, नाकाडोळ्यांतून पाणी काढत जेवायचा आणि मग टाळी शिकायला बसायचा. यायची मात्र नाही. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. बाबा हसून हसून खोकायचे. मला त्याचा कितीही संताप येवो, एक गोष्ट मी कबूल करते. त्या माणसामुळे बाबा रविवारी दाढी करायला लागले. शनिवारीच विचारायचे, "तो येते नं उद्या?" मला त्याचा राग यायचा आणि मीच मटण आणायला जायचे. आता बोला!

तर आता त्याच्या गाजलेल्या गाण्याची खरी स्टोरी. तळवा छातीवर न ठेवता सांगते.

त्यानं एक इंग्रजी गाणं लिहिलं होतं. त्यात एक मुलगी, एक मोटारगाडी आणि खूप पाऊस. गाणं म्हणजे कोमट चहा. त्याला वाटलं, मागे टाळ्या टाकाव्यात. म्हणून बाबा, मी आणि इथे भीमजयंती करणाऱ्या आमच्या असोसिएशनमधल्या दोन मैत्रिणी अशा चौघांना घेऊन गेला. रेकॉर्डिंग कुठे, तर त्यांच्या ड्रमरच्या गॅरेजमध्ये. ड्रमर पंजाबी, आठवडाभर ट्रक चालवणारा, दाढीलाही चकाकी लावणारा गडी. एका कोपऱ्यात बर्फात चालवायचे टायर रचलेले, दुसऱ्या कोपऱ्यात ड्रम, मध्ये आम्ही.

आमच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यात घड्याळासारखी टिकटिक चालू. त्या टिकटिकीवर टाळी द्यायची, इकडे नाही की तिकडे नाही. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे कोण टिकटिक करून राह्यलं? गाणाऱ्यावर भरवसा नाही काय?"

पुढाऱ्यानं काढला म्हणून आम्हीही काढले. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात हा रॉकस्टार नेहमीप्रमाणे आळसावला, आणि बाबांनी टाळी वाढवली. तो चपापून पुढे पळाला. तिसऱ्यात बाबांनी अजून वाढवली. ड्रमर आमच्याकडे बघून हसायला लागला आणि टिकटिक सोडून आमच्या मागे आला. शेवटी तर गाणं असं सुटलं की गॅरेजचं शटर थरथरत होतं. संपल्यावर ड्रमर काठ्या फेकून ओरडला, "अंकल जी, आपने तो ट्रक पहाड़ से छोड़ दिया!"

आणि आपले साहेब? साहेब लालबुंद. "काका, स्पीड वाढला! सगळं वाया गेलं! परत घ्यावं लागेल." परत घेतलं. परत तेच. बाबांना सावकाश टाळी देता येत नव्हती असं नाही, पण समोर गाणारा ढेपाळतोय आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांच्या पार्टीत पाप. शेवटी ड्रमरनं निक्षून सांगितलं, पहिलं आहे तेच राहील, नाहीतर मी चाललो. हा घरी जाईपर्यंत माझ्या गाडीत धुसफुसत होता. लक्षात ठेवा, त्या गाण्यात जो काही जीव आहे, तो या माणसाला काढून टाकायचा होता.

गाणं चाललं, आणि ते त्या पळापळीमुळेच चाललं. लोक फोनवर स्वतःचे व्हिडिओ करायला लागले, टाळी कुठपर्यंत पकडता येते त्याची पैज लावून. मग रेडिओवर लागलं. मग हॉकीच्या स्टेडियममध्ये खेळ थांबला की तेच गाणं. त्यानं आम्हाला एकदा मॅचला नेलं. गाणं लागलं, आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं. बाबा उभे राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल. कसलं काय! ते शेजारच्या गोऱ्या कुटुंबाला हातानं थोपवत होते. "स्लो, स्लो! नॉट नाऊ! गाणारा अजून नाही आळसावला!" त्या कुटुंबानं त्यांना पॉपकॉर्न दिलं.

आणि मग मुलाखती सुरू झाल्या.

पहिल्या मुलाखतीत त्याला विचारलं, ही टाळीची कल्पना कुठून आली? इकडे आम्ही रेडिओला कान लावून बसलेलो. बट फुंकल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला, शपथ! म्हणाला, माझ्या आजीच्या देवघरातून. ती आरती करायची, टाळ्या वाजवायची, मी तिच्या मांडीवर. बाबा म्हणाले, "असन. त्याची आजी बी वाजवत असन." पुढच्या मुलाखतीत देवघरात समई आली. त्याच्या पुढच्या वेळी आजी कोकणात गेली आणि अंगणात तुळस उगवली. वास्तविक ही आजी कोण, ते त्यानंच मला गाडीत सांगितलेलं. गणिताची शिक्षिका होती, तिला आवाज सहन व्हायचा नाही, घरात कुणी शिट्टी मारली तरी पट्टी घेऊन उठायची. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा तर बिळात मेलेल्या आजीलाही घेऊन बसला.

मला चीड येत होती ती आलीच. पण बाबांचं वेगळंच दुखणं होतं. त्यांच्या पार्टीतले सगळे एकेक करून गेले. उरले दोघंच, इकडे बाबा आणि तिकडे नागपूरला हार्मोनियमवाले काका. गाणं आलं त्या दिवशी बाबांनी काकांना फोन करून सांगितलं होतं, "आपली टाळी कॅनडात वाजून राह्यली. पोरगा सांगन पाह्य रेडिओवर, आपल्या पार्टीचं नाव घेईन." काका वस्तीभर सांगून आले. बाबा प्रत्येक मुलाखतीची लिंक त्यांना पाठवायचे. पहिल्यांदा काकांचा मेसेज आला, "ऐकलं. आजीचं सांगतलं त्यानं." दुसऱ्यांदा आला, "अजून नाही घेतलं." मग नुसता अंगठा. मग तोही नाही. ज्याच्याशी साठ वर्षांची दोस्ती, त्याच्यासमोर बाबा थापाडे ठरत होते.

"माझं नाव नको घेऊ म्हण त्याले," बाबा मला म्हणाले. "पार्टीचं घे म्हण. एकदाच. मले त्याच्याजवळ खोटं नाही पडाचं."

मी निरोप पोचवला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार होता, यूट्यूबवर लाइव्ह. बाबा नवा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले. हा स्टेजवर चंदेरी बुटांत. बाबांकडे त्यानं एकदा पाहिलं, नजर वर छताकडे नेली आणि सांगितलं, "स्टोरी अशी आहे, माझी आजी..." लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. बाबांनीही वाजवल्या, बरं का. त्यांना रीत आहे.

परत जाताना मी गाडीत त्याला धरलं. तोंडावरची चकाकी तशीच, सीटभर सांडत होती. बाबांना असोसिएशनमधल्या मैत्रिणीनं आधीच घरी नेलं होतं.

"का सांगत नाहीस?"

तळवा निघाला छातीकडे. मी म्हटलं, "हात खाली. स्टोरी नको. खरं बोल."

त्यानं हात मांडीखाली दाबला. मग म्हणाला, "आई बघते ना, ताई. पुण्याहून सगळं लाइव्ह बघते."

"मग?"

"तिला माहीत नाही मी तुमच्याकडे जेवतो ते. तिचं जरा... जुन्या वळणाचं आहे. मला काहीच नाही, तुम्हाला माहितीये. पण तिला कळलं की टाळी कुठली, की मग रविवारी कुठे असतोस, काय खातोस... उगाच तिला त्रास."

बाप्पा बाप्पा! लिपस्टिक लावून बसमधून फिरणारा हा मर्द. सगळ्या व्हँकुव्हरसमोर नाचायला तयार, आणि पुण्यातल्या एका बाईला आमच्या घराचं नाव सांगायची हिंमत नाही. तिला त्रास होईल म्हणे. माझा बाप त्याला वाढत होता तेव्हा आम्हाला त्रास होतो का, हे यानं कधी विचारलं? मी स्कायट्रेनच्या स्टेशनापाशी गाडी लावली आणि म्हटलं, "उतर." त्या बुटांतून पावसात चालत गेला. मला काडीचं वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते नखं कापत होते, कापत राहिले. मग म्हणाले, "मी जाणारच आहो नागपूरला, आता नाही येत परत. ही थंडी नाही झेपत मले. त्याच्या आधी जयंती येते नं? बोलाव त्याले. आपल्या हॉलमध्ये बोलाचं, आपल्या लोकांमधी. तिथं काय भेव आहे त्याले?"

बोलावलं. "शंभर टक्के, ताई," म्हणाला. "काकांसाठी येणारच."

एप्रिलमधली जयंती, सरेच्या कम्युनिटी हॉलमधली. सकाळचा कार्यक्रम, म्हणजे नागपूरला रात्र. बाबांनी काकांना जागं राहायला सांगितलं होतं. काका नातवाचा फोन घेऊन बसले होते, आणि बाबांच्या फोनवर ते दिसत होते, गळ्यात दुपट्टा टाकलेले, चष्मा पुसत असलेले. त्यांच्या मागे वस्तीतली चार माणसंही उभी होती. वंदना झाली, भाषणं झाली. मग हा आला. पूर्ण थाटात, निळे डोळे, चंदेरी बूट, गिटार. सगळ्यांना वाकून "जय भीम" केला. बाबांनी फोन दोन्ही हातांनी उंच धरला, काकांना स्टेज दिसावं म्हणून.

यानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आज मी खरी स्टोरी सांगणार आहे. पण त्याआधी एक रिक्वेस्ट. प्लीज, सगळ्यांनी फोन खाली ठेवा. रेकॉर्डिंग नको, लाइव्ह नको. हे आपल्यातच राहू द्या."

हॉलमध्ये फोन खाली गेले. बाबांचा हात तेवढा वर राहिला. याची नजर त्यांच्यावर थांबली. तो हलकेच म्हणाला, "काका, प्लीज."

बाबांनी फोन तोंडाजवळ घेतला. म्हणाले, "ठेवतो रे. बॅटरी संपून राह्यली." आणि काकांचं "अरे, पण..." अर्ध्यात तोडलं. मी शेजारीच बसले होते. बॅटरी पूर्ण भरलेली होती, सकाळी मीच चार्जला लावला होता.

मग त्यानं सांगितलं. अगदी सगळं सांगितलं. वस्तीचं नाव घेतलं, पार्टीचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, हार्मोनियमवाल्या काकांचंसुद्धा घेतलं. टिकटिक, गॅरेज, ट्रक, काही सोडलं नाही. आजीला एका वाक्यात निकालात काढलं. सांगता सांगता रडला, निळा रंग गालांवर उतरला. मला माहीत आहे, ते रडणं खरं होतं. म्हणूनच मला त्याला धरून बदडावंसं वाटत होतं. ज्यांना सगळं आधीच ठाऊक, त्यांनाच हा गळा काढून सांगत होता. ज्याला ऐकायचं होतं तो म्हातारा तिकडे अंधाऱ्या फोनकडे बघत बसला असेल.

मग त्यानं गिटार उचलली. "आता आपलं गाणं. काका, टाळी द्या!"

पार्टीचा कायदा असा, की पुढाऱ्यानं दिल्याशिवाय मागच्यांनी टाळी द्यायची नाही. असोसिएशनमधल्या बाया, पुरुष, पोरं, सगळे बाबांकडे बघत होते. बाबांचे हात गुडघ्यांवर होते. माझी मैत्रीण मागून वाकून म्हणाली, "काकाजी, द्यायची ना?"

बाबा हळू बोलले, पण दोन रांगांना ऐकू गेलं. "आपल्यातच राहू दे म्हणते नं तो. टाळी बी आपल्यातच राहू दे."

त्यानं पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्यात आळसावला. तिसऱ्याआधी त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले, स्टेडियममध्ये नेतो तसे, आणि आमच्याकडे बघत थांबला. कुणाचा हात हलला नाही. मग त्यानं स्वतःच वाजवायला घेतली, एकट्यानं, हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे. आम्ही सगळे नीट बसून होतो. गाणं संपेपर्यंत कुणी उठलं नाही, कुणी हसलं नाही, आणि बाबा तर शेवटपर्यंत त्याच्याकडेच बघत होते.